१४ वी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट: पाणी शुद्ध करायला गेलेले राखीव सैनिक

'१४ वी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट' ही अमेरिकी भूदलाच्या राखीव दलातली एक लहानशी रसद तुकडी आहे. सैन्याला पिण्यायोग्य पाणी करून देणे हे तिचे काम. पेनसिल्व्हेनिया राज्यातले ग्रीन्सबर्ग हे तिचे गाव. १९९१ च्या आखाती युद्धासाठी या तुकडीचे ६९ जण सौदी अरेबियात उतरले आणि सहा दिवसांनी, २५ फेब्रुवारीच्या रात्री, ते राहत असलेल्या गोदामावर इराकचे स्कड क्षेपणास्त्र कोसळले. तुकडीतले १३ जण ठार झाले, ४३ जखमी झाले. धडधाकट उरले तेही १३. त्या युद्धात दोस्त फौजांच्या इतर कोणत्याही एका तुकडीची एवढी हानी झाली नाही.

यातले कोणीही रणगाड्यावर नव्हते, खंदकात नव्हते. बहुतेक जण महिन्याभरापूर्वीपर्यंत आपापल्या नोकरीवर किंवा कॉलेजात जात होते. अशी माणसे हजारो किलोमीटर दूरच्या वाळवंटात कशी पोहोचली, याचे उत्तर अमेरिकेने आपले राखीव दल कसे उभारले आहे यात सापडते.

क्वार्टरमास्टर म्हणजे काय?

सैन्याचे अन्न, पाणी, इंधन, कपडे, तंबू आणि इतर सामान पुरवणारा विभाग म्हणजे क्वार्टरमास्टर कोअर. अमेरिकेत त्याची स्थापना १६ जून १७७५ रोजी झाली, म्हणजे खुद्द अमेरिकी भूदलाच्या स्थापनेनंतर अवघ्या दोन दिवसांनी. भारतीय लष्करात यातली बरीचशी कामे आर्मी सर्व्हिस कोअर करते. मराठीत या सगळ्याला 'रसद' हा एकच शब्द पुरतो, आणि रसद तुटली की काय होते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १७६०च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, पानिपतावर अडकलेल्या फौजेची रसद आटली, आणि पुढच्या महिन्यात उपाशी सैन्याला लढाईत उतरावे लागले.

ब्रिटिश लष्करात रसदीच्या राखीव रेजिमेंट असतात. उदाहरणार्थ, वेल्समध्ये कार्डिफला मुख्यालय असलेली रॉयल लॉजिस्टिक कोअरची १५७ वी रेजिमेंट. अमेरिकेत मात्र रसदीचे काम लहान लहान सुट्या तुकड्यांमध्ये वाटलेले असते. कंपनीत साधारण शंभर ते दोनशे माणसे असतात. डिटॅचमेंट त्याहून लहान, एकाच कामासाठी बांधलेली. पाण्याची तुकडी, इंधनाची तुकडी, कपडे धुण्याची आणि अंघोळीची सोय करणारी तुकडी, टपालाची तुकडी. युद्धाची गरज पाहून यातल्या हव्या तेवढ्या उचलायच्या आणि तिथल्या रसद मुख्यालयाला जोडायच्या. सोय मोठी आहे. पण याचा अर्थ असाही होतो, की साठ-सत्तर जणांची तुकडी एकटीच घरून निघते आणि अनोळखी मुख्यालयाच्या हाताखाली, अनोळखी जागी जाऊन पडते.

राखीव दल कसे चालते?

अमेरिकेत अर्धवेळ सैनिकांची दोन वेगळी दले आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. नॅशनल गार्ड हे मुळात राज्यांचे. पूर आला, दंगल झाली, तर राज्याचा गव्हर्नर ते बोलावू शकतो. आर्मी रिझर्व्ह म्हणजे भूदलाचे राखीव दल थेट केंद्र सरकारचे. त्याची सुरुवात २३ एप्रिल १९०८ रोजी झाली, तीही लढवय्यांनी नव्हे तर डॉक्टरांनी: युद्धात लागतील तेव्हा हाताशी असावेत म्हणून १६० डॉक्टरांची राखीव यादी करण्यात आली होती. पुढे या दलाचा विस्तार झाला, तरी हा स्वभाव टिकला. पायदळ आणि रणगाडे यांचा भर नॅशनल गार्डमध्ये. डॉक्टर, ट्रकचालक, अभियंते, पाणी आणि इंधनवाले यांचा भर आर्मी रिझर्व्हमध्ये. अलीकडच्या वर्षांत या दलाचे संख्याबळ पावणेदोन लाखांच्या आसपास आहे.

भारतातली सर्वात जवळची तुलना टेरिटोरियल आर्मीशी करता येईल. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली. तिच्यातही रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या तुकड्या आहेत, म्हणजे जो माणूस एरवी जे काम करतो तेच संकटकाळी गणवेशात करायचे. अमेरिकी राखीव सैनिकाचे तसे नसते. त्याची नोकरी किराणा दुकानातली असू शकते आणि सैन्यातले काम पाण्याचे पंप चालवण्याचे. ते तो भरती झाल्यावर शिकतो.

शिकतो म्हणजे किती? महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून सलग दोन आठवडे, असा हिशेब आहे. सगळे मिळून वर्षाला ३८ दिवसांच्या आसपास. त्या दिवसांचा पगार मिळतो, तरुणांना कॉलेजच्या फीसाठी मदत मिळते, आणि वीस वर्षे पुरी केली तर उतारवयात निवृत्तिवेतनही मिळते. पश्चिम पेनसिल्व्हेनियासारख्या भागात या गोष्टींना वजन होते. पिट्सबर्गच्या आसपासचा हा पट्टा कोळसा, काच आणि पोलादावर वाढलेला. १९८० च्या दशकात पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. कॉलेजचा खर्च भागवण्यासाठी किंवा महिन्याला चार डॉलर जास्त यावेत म्हणून राखीव दलात नाव घालणे ही तिथे नेहमीची बाब होती.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. नियमित सैनिकाची बदली देशात कुठेही होते. राखीव सैनिकाला मात्र दर महिन्याला केंद्रावर हजर व्हायचे असल्याने तो गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या तुकडीतच जातो. त्यामुळे राखीव तुकडी ही एका अर्थाने त्या पंचक्रोशीचीच तुकडी होते. शेजारी, शाळासोबती, एकाच क्लबात जाणारे, कधी नवरा-बायको किंवा भावंडेसुद्धा एकाच तुकडीत असतात.

रसद राखीव दलाकडे का गेली?

व्हिएतनाम युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राखीव दलांना हात लावण्याचे शक्यतो टाळले. १९६८ मध्ये थोड्या तुकड्या बोलावल्या, तेवढेच. युद्धाचा भार सक्तीने भरती केलेल्या तरुणांवर टाकला गेला. राखीव सैनिक बोलावले असते तर गावोगावचे कमावते लोक नोकरी सोडून निघाले असते आणि देशाला आपण युद्धात आहोत हे रोज जाणवले असते. राजकीय दृष्ट्या ते महाग पडले असते.

१९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. सैन्य लहान झाले, पैसाही कमी झाला. त्याच सुमारास 'एकसंध सैन्य' हे धोरण पक्के झाले: नियमित सैन्य आणि राखीव दल ही एकाच यंत्राची दोन चाके मानायची. भूदलप्रमुख जनरल क्रेटन अ‍ॅब्रम्स यांच्या काळात लढाऊ तुकड्या नियमित सैन्यात ठेवून रसदीचा मोठा हिस्सा राखीव दलाकडे वळवला गेला. राखीव दलाला, म्हणजेच पर्यायाने जनतेला, सोबत घेतल्याशिवाय कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला मोठे युद्ध करताच येऊ नये, असा अ‍ॅब्रम्स यांचा हेतू होता, असे नेहमी सांगितले जाते. हा हेतू खरोखर होता की नंतर चिकटवला गेला, यावर इतिहासकारांत वाद आहे. साधे कारणही पुरेसे आहे: शांततेच्या काळात छावणीतल्या सैनिकाला नळाचे पाणी मिळते. रणभूमीवर पाणी शुद्ध करणारी शेकडो माणसे बारा महिने पगारावर बसवून ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते.

हेतू काहीही असो, परिणाम एकच झाला. यापुढे मोठी फौज परदेशी पाठवायची तर सर्वात आधी गणवेश चढवणाऱ्यांत गावोगावचे हे अर्धवेळ सैनिक असणार होते.

वाळवंटातले पाणी

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावला. अमेरिकेने सौदी अरेबियात फौज उतरवायला सुरुवात केली आणि २२ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी राखीव सैनिकांना बोलावण्याचा आदेश काढला. त्या युद्धासाठी आर्मी रिझर्व्हच्याच ८४ हजारांच्या आसपास सैनिकांना बोलावणे गेले.

रसदीची सूत्रे गस पॅगोनिस या सेनाधिकाऱ्याच्या हाती होती. योगायोग असा, की तेही पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्याच शार्लरॉय या गावचे. पाच लाखांवर सैन्य वाळवंटात ठेवायचे, तर दारूगोळा आणि इंधनाइतकीच पाण्याची चिंता होती. उष्ण वाळवंटात माणशी रोज २० गॅलन, म्हणजे सुमारे ७५ लिटर पाणी लागेल असा अमेरिकी नियोजनाचा अंदाज असे. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, रुग्णालये, गाड्यांचे रेडिएटर, सगळे त्यात आले. त्यात इराक रासायनिक अस्त्रे वापरील अशी भीती होती. तसे झाले असते तर माणसे आणि वाहने धुण्यासाठी आणखी पाणी लागले असते.

सौदी अरेबियाच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे प्रकल्प होते आणि फौजेचे बरेचसे पाणी त्यांच्याकडूनच आले. पण एवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे होते. १९९१ च्या जानेवारीत इराकने आखातात प्रचंड प्रमाणात कच्चे तेल सोडले, तेव्हा तो तवंग जुबैलच्या प्रकल्पापर्यंत पोहोचतो की काय या भीतीने समुद्रात तरते अडथळे टाकावे लागले. शिवाय फौज कुवेत-इराकच्या आत शिरली की किनाऱ्यावरचे नळ मागे राहणार होते. तिथे स्वतःचे पाणी स्वतः करणाऱ्या तुकड्या लागणार होत्या. १४ वी तुकडी त्यांपैकी एक.

या तुकडीचे मुख्य यंत्र म्हणजे ट्रेलरवर किंवा ट्रकवर बसवलेला फिरता आरओ प्रकल्प. आज घरोघरी स्वयंपाकघरात असलेले आरओ यंत्र ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व. फक्त आकार आणि दाब यांत जमीन-अस्मानाचा फरक. नदी, विहीर, खारट डबके किंवा समुद्र, जिथून मिळेल तिथून पंपाने पाणी ओढायचे. त्यात गाळ एकत्र आणणारे रसायन घालायचे. मग वाळूसारख्या दाण्यांच्या थरांतून आणि नंतर बारीक गाळण्यांतून ते काढायचे. शेवटी जबरदस्त दाबाने बारीक पापुद्र्यातून ढकलायचे, म्हणजे मीठ आणि जंतू मागे राहतात आणि गोडे पाणी पलीकडे येते. त्यात क्लोरीन मिसळले की पाणी तयार.

त्या काळी अशी यंत्रे मुख्यतः दोन मापांची होती. लहान यंत्र तासाला ६०० गॅलन म्हणजे सुमारे २,२७० लिटर पाणी देई, मोठे त्याच्या पाचपट. हे आकडे गोड्या पाण्याचे. समुद्राचे पाणी घातले तर उत्पादन दोन-तृतीयांशावर येई. दिवसातले वीस तास यंत्र चालवायचे आणि चार तास त्याची देखभाल करायची, अशी पद्धत. म्हणजे लहान यंत्राने रोज सुमारे ४५ हजार लिटर, माणशी ७५ लिटरच्या हिशेबाने सहाशे जणांची सोय. तयार पाणी कांद्याच्या आकाराच्या कापडी टाक्यांत साठवायचे. टाकी भरत जाते तशी तिची कड पाण्यावर तरंगत वर येते, वेगळा सांगाडा लागत नाही. तिथून पुढे ट्रेलरवरच्या टाक्यांतून आघाडीकडे. ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या ४०० गॅलनच्या टाकीला सैनिकांनी 'पाणम्हैस' असे नाव पाडले आहे.

काम ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पापुद्रे तुंबतात, पंप बसतात, वाळू सगळीकडे शिरते, आणि पाणी नीट तपासले नाही तर एका दिवसात अख्खी बटालियन हगवणीने आडवी होऊ शकते. म्हणून या कामासाठी सैन्यात स्वतंत्र 'पाणी शुद्धीकरण तज्ज्ञ' हे पद आहे आणि त्याचे प्रशिक्षण क्वार्टरमास्टर कोअरच्या शाळेत, व्हर्जिनिया राज्यातल्या फोर्ट ली इथे होते.

ग्रीन्सबर्ग ते धाहरान

ग्रीन्सबर्ग हे वेस्टमोरलँड काउंटीचे मुख्य ठिकाण, पिट्सबर्गच्या आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर. १९९० मध्ये लोकवस्ती सुमारे १६ हजार. १४ व्या तुकडीला बोलावणे आले ते १५ जानेवारी १९९१ रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इराकला कुवेत सोडण्यासाठी दिलेली मुदत त्याच दिवशी संपत होती. दोन दिवसांनी बगदादवर बॉम्ब पडू लागले.

तुकडी फोर्ट लीला गेली. वर्षाकाठी ३८ दिवस सराव करणाऱ्यांना थेट वाळवंटात पाठवणे शक्य नव्हते. तिथे महिनाभर, दिवसाचे अठरा-अठरा तास यंत्रे जोडणे, चालवणे, उघडणे आणि पुन्हा जोडणे हेच चालले. रासायनिक हल्ल्यापासून बचावाचे मुखवटे घालून काम करण्याचा सरावही झाला. १९ फेब्रुवारीला तुकडी विमानाने सौदी अरेबियात धाहरानला पोहोचली.

धाहरान हे आखाताच्या किनाऱ्यावरचे तेलनगर. सौदी तेल कंपनी अरामकोचे मुख्यालय तिथे आहे. विमानतळ आणि बंदर जवळजवळ असल्याने सगळी रसद तिथून हलत होती. नव्याने आलेल्या तुकड्यांना पुढे जाण्याचा हुकूम येईपर्यंत मिळेल त्या जागी ठेवले जाई. १४ व्या तुकडीच्या वाट्याला आले ते लगतच्या अल खोबार शहराच्या बाजूचे एक पत्र्याचे गोदाम. आत रांगेने खाटा, प्रत्येकीशेजारी सामानाच्या पिशव्या. राखीव दलाच्या इतर रसद तुकड्यांचे सैनिकही तिथेच होते. आघाडी तिथून शेकडो किलोमीटर दूर होती.

२५ फेब्रुवारीची रात्र

२४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी इराकी फळी मोडल्याचे स्पष्ट झाले. युद्ध आता चार दिवसांचे सोबती आहे, अशी हवा होती. २५ तारखेला रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी इराकने सोडलेले एक क्षेपणास्त्र त्या गोदामावर पडले. ग्रीन्सबर्गमध्ये तेव्हा दुपारचे पावणेएक वाजत आले होते.

हे क्षेपणास्त्र म्हणजे सोव्हिएत स्कडची इराकने लांब करून घेतलेली आवृत्ती, 'अल हुसेन'. स्फोटके कमी आणि इंधन जास्त करून त्याचा पल्ला दुप्पट केलेला. जोडकाम कच्चे असल्याने खाली येताना ते बऱ्याचदा हवेतच तुटत असे आणि नेम तर जवळपास नसेच. लष्करी दृष्ट्या ते निकामी शस्त्र समजले जात होते. त्या रात्री मात्र स्फोटकांचा भाग शाबूत राहिला आणि नेमका माणसांनी भरलेल्या छतावर आला. २८ अमेरिकी सैनिक ठार झाले, ९९ जखमी झाले. आखाती युद्धात शत्रूच्या माऱ्यात एकूण सुमारे दीडशे अमेरिकी मरण पावले. त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा या एका गोदामातला.

मृतांपैकी १३ जण १४ व्या तुकडीचे होते. त्यांत दोन तरुणी होत्या. एकूण २८ मध्ये तिघी. त्या वेळच्या अमेरिकी नियमांनुसार महिलांना लढाऊ तुकड्यांत घेत नसत. रसद ही त्यांच्यासाठी 'सुरक्षित' जागा मानली जात होती. त्या युद्धात गेलेल्या अमेरिकी सैन्यात सुमारे ७ टक्के महिला होत्या आणि बहुसंख्य अशाच जागांवर होत्या. आघाडी आणि पिछाडी अशी रेघ ओढून माणसे सुरक्षित ठेवता येतात, या समजुतीला धाहरानने मोठा धक्का दिला. त्यानंतरच्या वर्षांत महिलांना कोणत्या कामांपासून दूर ठेवायचे या वादात या घटनेचा दाखला वारंवार दिला गेला.

क्षेपणास्त्र अडवले का गेले नाही?

धाहरानच्या तळाचे रक्षण पेट्रिअट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेकडे होते. त्या रात्री तिच्याकडून एकही क्षेपणास्त्र सुटले नाही. का, याचा शोध अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने घेतला आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये अहवाल दिला. संगणकशास्त्राच्या वर्गात आजही तो शिकवला जातो.

पेट्रिअटचा संगणक वेळ मोजायचा तो सेकंदाच्या दहाव्या भागाने. आता एक भागिले तीन दशांशात लिहायला गेले की ०.३३३ असे अखंड लिहीत बसावे लागते, तसेच एक भागिले दहा ही संख्या संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत कधीच पूर्ण लिहिता येत नाही. कुठेतरी तोडावी लागते. पेट्रिअटमध्ये ती २४ अंकांवर तोडली होती. त्यातून येणारी चूक इतकी क्षुल्लक की काही तासांत तिचा परिणाम जाणवत नाही. ही यंत्रणा मुळात युरोपात सोव्हिएत विमाने पाडण्यासाठी केलेली. काही तास चालवून जागा बदलायची अशी कल्पना होती. धाहरानला मात्र ती शंभर तासांहून अधिक काळ न थांबवता चालू होती. तेवढ्यात घड्याळ ०.३४ सेकंदाने चुकले. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येते. म्हणजे रडारने ते क्षेपणास्त्र पाहिले, पण पुढच्या क्षणी ते जिथे शोधायला हवे त्याच्या अर्ध्या किलोमीटरहून जास्त बाजूला शोधले. तिथे काही दिसले नाही, तेव्हा यंत्रणेने तो भास समजून सोडून दिला.

याहून चटका लावणारी गोष्ट तारखांची आहे. ही चूक इस्रायलच्या लक्षात आली होती आणि ११ फेब्रुवारीलाच त्यांनी अमेरिकेला कळवले होते. १६ फेब्रुवारीला दुरुस्त प्रणाली तयार झाली. २१ फेब्रुवारीला पेट्रिअट चालवणाऱ्यांना संदेश गेला, की 'फार वेळ' यंत्रणा चालू ठेवली तर गडबड होऊ शकते. फार वेळ म्हणजे किती, हे त्यात नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली की घड्याळ शून्यावर येते आणि त्याला मिनिट-दीड मिनिट लागते, पण ते किती तासांनी करायचे हे कोणी सांगितले नाही. दुरुस्त प्रणाली धाहरानला पोहोचली ती २६ फेब्रुवारीला.

इथे एक सावधगिरी हवी. घड्याळ बरोबर असते तर ते क्षेपणास्त्र नक्की पडलेच असते, असे म्हणता येत नाही. त्या युद्धात पेट्रिअटने किती स्कड खरोखर पाडली यावर नंतर मोठा वाद झाला आणि लष्कराला आपले सुरुवातीचे दावे खाली आणावे लागले. पण त्या रात्री प्रयत्नसुद्धा झाला नाही, तो घड्याळामुळे.

एका भागावरचा घाव

युद्ध २८ फेब्रुवारीला थांबले. १४ व्या तुकडीच्या जखमींना आधी सौदी अरेबियातल्या आणि मग जर्मनीतल्या रुग्णालयांत हलवण्यात आले. ज्या पाण्यासाठी ती गेली होती, त्याचे काम तिच्या हातून सुरूच झाले नव्हते.

नियमित सैन्यातली एखादी तुकडी अशी उद्ध्वस्त झाली तर दुःख देशभर विखुरले जाते. एक घर टेक्ससमध्ये, दुसरे ओहायोत. इथे तसे झाले नाही. मृतांची आणि जखमींची घरे बहुतांशी पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या लहान गावांत, एकमेकांपासून गाडीच्या अंतरावर होती. एकाच काउंटीच्या वर्तमानपत्रात तीच नावे, तीच छायाचित्रे दिवसेंदिवस येत राहिली.

हा दोष जुना आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने एका गावचे, एका कारखान्याचे मित्र एकाच बटालियनमध्ये भरती केले. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत अ‍ॅक्रिंग्टन या गावची अशी सुमारे ७०० जणांची बटालियन पुढे निघाली आणि पहिल्या अर्ध्या तासात त्यातले साडेपाचशेहून अधिक जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर व्हर्जिनियातल्या बेडफर्ड या छोट्या गावाने एकाच दिवसात एकोणीस-वीस मुले गमावली. ती सगळी नॅशनल गार्डची. ब्रिटनने धडा घेऊन गावनिहाय भरतीची ती पद्धत सोडली. अर्धवेळ सैन्याला ती सोडता येत नाही. महिन्यातून एकदा हजर व्हायचे तर केंद्र घराजवळच लागते. आणि खरे तर या तुकड्यांची ताकदही त्यातच असते: एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे कमी सरावातही एकत्र काम करू शकतात.

रसदीवरचे धोके त्यानंतर वाढतच गेले. इराकच्या पुढच्या युद्धात, ९ एप्रिल २००४ रोजी, इलिनॉय राज्यातल्या राखीव दलाच्या ७२४ व्या वाहतूक कंपनीचा इंधनाचा ताफा बगदाद विमानतळाजवळ घेरला गेला आणि त्यात सैनिक व ट्रकचालक मारले गेले. तोवर रसदीच्या सैनिकांना रस्त्यावरच्या लढाईचे शिक्षण देणे, ट्रकना चिलखती पत्रे बसवणे ही नित्याची बाब होऊ लागली होती. राखीव सैनिकांच्या नोकऱ्यांचे रक्षण करणारा सविस्तर कायदाही आखाती युद्धानंतर, १९९४ मध्ये झाला. बोलावणे आले म्हणून सैनिकाला कामावरून काढता येत नाही आणि परत आल्यावर त्याची जागा त्याला द्यावी लागते.

ग्रीन्सबर्गमध्ये राखीव दलाच्या केंद्राच्या आवारात १४ व्या तुकडीचे स्मारक आहे. दरवर्षी २५ फेब्रुवारीला तिथे कुटुंबीय, जुने सैनिक आणि तुकडीत नव्याने आलेले सैनिक जमतात आणि तेरा नावे वाचली जातात. नव्यांपैकी अनेकांचा जन्म १९९१ नंतरचा आहे.